आर्डिस हेगस्टॅडच्या दोनशे चौदा बरण्या

हाल्वर्स फॉल्समध्ये कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. केक विटेसारखा झाला, जावयानं नोकरी सोडून ढोल वाजवायला सुरुवात केली, पाद्रीबाईंचं प्रवचन दीड तास चाललं, तरी माणसं घटकाभर खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "हं. निराळंच आहे." याच्यापुढची शिवी त्या गावाला येत नाही.

अख्ख्या गावात स्पष्ट बोलायचा परवाना एकाच बाईकडे होता, आणि तो तिनं एकतीस वर्षं पोटभर वापरला होता. आर्डिस हेगस्टॅड. जिल्ह्याच्या जत्रेत घरगुती बरणीबंद पदार्थांची जी स्पर्धा असते, तिची परीक्षक. छातीवर बिल्ला, हातात पेनाएवढी बॅटरी. बरणी उचलायची, उजेडात धरायची, झाकणाच्या पत्र्याच्या चकतीवरचं कडं फिरवून काढायचं, बरणीच्या गळ्यावरच्या काचेच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि नखाला काही लागलं की हवापाणी सांगितल्यासारखं सांगायचं, "अपात्र." आईच्या मयतीला न रडलेल्या बायका या एका शब्दावर गुरांच्या गोठ्यामागे जाऊन रडून आल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी बर्नाडीन क्वामच्या काकड्यांच्या बरणीला कड्याच्या आतून मोहरीएवढा गंज सापडला. "अपात्र." बर्नाडीननं खिडकीबाहेर बघितलं. तिथं खिडकी नव्हती, तंबूचं कापड होतं, तरी बघितलं. "निराळंच आहे," ती म्हणाली आणि तेव्हापासून आर्डिसशी एक शब्द बोलली नाही. चर्चमध्ये दोघी पुढच्यामागच्या बाकावर बसत, भजनाचं पुस्तक एकमेकींना देत, पण शब्द नाही.

आर्डिसला त्याचं काही वाटलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. तिच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, तिनं स्वतः भरतकाम केलेली चौकट होती: शंका आली, टाकून दिली. गावातल्या तीन पिढ्यांच्या मुलींना बरण्या भरायला तिनं शिकवलं, ते या एका वाक्यावर. स्वतः परीक्षक झाल्यापासून तिला स्पर्धेत उतरता येत नव्हतं, त्याचं उट्टं ती चर्चच्या सुगीच्या जेवणात काढायची. तिथं टेबलाच्या मधोमध तिचं व्हिनेगरमधलं बीट असायचं. तिचंच. दुसऱ्या कुणाचं बीट त्या टेबलावर आलं तर ते कोपऱ्यात, नॅपकिनांच्या मागं.

सप्टेंबरात चार दिवस पाऊस लागला. नदी चढली. गावानं बांधावर वाळूची पोती रचली, रात्रंदिवस पहारा दिला आणि चौथ्या दिवशी नदी बांधाच्या वीतभर खाली थांबली, तेव्हा माणसांनी एकमेकांचे हात हातात घेऊन दाबले. हाल्वर्स फॉल्समध्ये याच्याहून जास्त आनंद कुणी दाखवत नाही. पुढच्या दाराला अशी पोती रचून गाव बसलं आणि पाहुणा आला तो मोरीतून. मैल्याचे पंप पाण्यात बुडाले, आणि गावानं आठवडाभरात खाली सोडलेलं सगळं घरोघरच्या तळघरांत वर आलं.

सकाळी सहाला वासानंच आर्डिसला जाग आली. ती जिन्याशी पोचली तेव्हा तिचा नवरा लोवेल सपाता घालून तिसऱ्या पायरीवर उभा होता. खाली काळपट पाणी होतं आणि त्यावर काय काय तरंगत होतं ते सांगत बसत नाही. दिवा लागलेला होता.

"पाय मागे घे!" आर्डिस ओरडली. "वीज चालू आहे खाली. त्या पाण्यात पाय घातलास तर थेट देवासमोर उभा राहशील, आणि तोही सपाता घालून."

"अगं, मी नुसता बघतोय."

"तुझ्या बहिणीचा हार्लनपण नुसताच बघत होता."

मेहुणा हार्लन मागच्या पुरात हातात बियरचा डबा घेऊन अनवाणी तळघरात उतरला होता, खिळा पायात गेला आणि पाय भोपळ्याएवढा झाला. दहा दिवस दवाखान्यात होता. अजून लंगडतो, आणि अजून सांगतो की पाण्यानं काही होत नसतं. लोवेल मुकाट्यानं वर आला. गॅरेजात जाऊन त्यानं मेन स्विच पाडला.

आर्डिस मात्र जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली. बॅटरीचा झोत तिनं समोरच्या भिंतीवर टाकला. तिथं लोवेलनं बांधलेली फळ्यांची मांडणी होती, आणि मांडणीवर या उन्हाळ्याच्या दोनशे चौदा बरण्या होत्या. एकही दिसत नव्हती. सगळ्यात वरच्या फळीवरचे रंगाचे डबे तेवढे कोरडे होते.

"उफ दा," लोवेल मागून म्हणाला. त्या गावात 'अरे देवा'ला तसं म्हणतात.

तिनं बॅटरी विझवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं आणि पा हुआ वांग आली. जिल्ह्याच्या गृहविज्ञान कार्यालयात ती कामाला होती. गाडीत गमबूट, रबरी हातमोजे, मास्कांची खोकी, आणि काखेत पत्रकांचा गठ्ठा. बारा वर्षांची असताना ती आर्डिसकडेच बरण्या भरायला शिकली. पहिल्या वर्षी तिनं आईच्या पद्धतीचं मोहरीच्या पाल्याचं लोणचं जत्रेत आणलं, तेव्हा बरणीत वरची मोकळी जागा बोटभर जास्त सुटली म्हणून आर्डिसनं तिला अपात्र ठरवलं. पोरगी गोठ्यामागे रडली आणि पुढची पाच वर्षं पहिल्या नंबरची निळी फीत घेऊन गेली. आर्डिस हे सगळ्यांना स्वतःचं कर्तृत्व म्हणून सांगायची.

"मिसेस हेगस्टॅड, दोन रकाने आहेत बघा पत्रकात," पा हुआ म्हणाली. "'ठेवा' आणि 'टाका'. गालिचा, गाद्या, पुठ्ठा, भिजलेलं सगळं टाका. भिंतीचं प्लॅस्टर पाण्याच्या रेषेच्या वर फूटभर कापून काढा, आत ओल राहते. आधी साबणानं घासायचं, मग ब्लीच. आणि ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नका. ओल्सनकाकांनी काल ब्लीचमध्ये अमोनिया ओतला. डोळे पुसत बाहेर पळाले ते अजून घरात गेले नाहीत."

"मला शिकवतेस?" आर्डिस म्हणाली.

"नाही हो. सगळ्यांना सांगतेय." पा हुआनं 'टाका'च्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि बरण्या. घरी भरलेल्या बरण्या पाण्याखाली गेल्या असतील तर काही करून वाचत नाहीत. कड्याच्या खाली, चकतीच्या कडेला पाणी जातं, ते धुऊन निघत नाही. तुमचंच वाक्य आहे ना भिंतीवर?"

"माझ्या बरण्या वर होत्या," आर्डिस म्हणाली.

कुठल्या वर ते तिनं सांगितलं नाही. पा हुआनं विचारलं नाही. त्या गावात वाढलेली होती तीपण.

मग चार दिवस हेगस्टॅडांच्या तळघराची सफाई चालली, आणि अशी सफाई गावात कुणाकडे झाली नाही. पत्रक आर्डिसनं वरवर चाळलं. जिनं नियम लिहायचे तिनं वाचायचे कशाला? लोवेलनं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा. तोंडाला हात लागला की वर जाऊन साबणानं हात. खिडक्या उघड्या, पंखे बाहेरच्या बाजूला तोंड करून. आर्डिस जिन्यावर उभी राहून हुकूम सोडायची आणि लोवेल वस्तू उचलून बाहेर न्यायचा.

"खुर्ची."

"ही माझी खुर्ची आहे."

"मैला प्यायलीय ती. टाक."

खुर्ची गेली. मासेमारीची चाळीस वर्षांची मासिकं गेली. त्याचा रेडिओ, त्याच्या टोप्या, बर्फावर मासे धरायला जाताना बसायची पेटी, सगळं गेलं. लोवेलनं हूं की चूं केलं नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याचा आवाज आधीच कमी होता, तो मास्कमधून आणखी कमी येत होता.

मग त्यानं कोपऱ्यातून बदकं आणली. लाकडाची, सात. शिकारीला पाण्यावर सोडतात तशी. त्यातली चार त्याच्या बापानं कोरली होती आणि तीन त्यानं, बापाच्या शेवटच्या हिवाळ्यात, त्याच्या पलंगाशेजारी बसून. माना वेगवेगळ्या बाजूंना वळलेल्या. त्यानं ती नळाखाली धरली होती, रंग तसाच्या तसा होता.

"टाक," आर्डिस म्हणाली.

"लाकूड आहे गं. भरीव आहे."

"लाकूड पाणी पितं."

लोवेलनं खिशातून पत्रक काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. बदकं रस्त्याच्या कडेच्या ढिगावर गेली. संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

गाडी वळली तसं आर्डिसनं जिन्याचं दार लावून घेतलं आणि बरण्या वर आणल्या. एकेक, दोनशे चौदा. साबणानं घासल्या, ब्लीचच्या बादलीत अर्धा-अर्धा तास बुडवल्या, पुसल्या, लेबलं नवी लावली. कडी तिनं काढली नाहीत. काढली असती तर आत बघावं लागलं असतं. दुसऱ्याच्या बरणीचं कडं काढल्याशिवाय तिनं जन्मात मत दिलं नव्हतं, पण या बरण्या दुसऱ्याच्या नव्हत्या.

त्या गावात अशा वेळी ढीग बोलतो. घराघरासमोर ओल्या सामानाची रास पडते आणि माणसं गाडी हळू करून ती वाचत जातात. अच्छा, यांच्याकडे टीव्ही तळघरात होता. अच्छा, यांच्याकडे एवढ्या बाटल्या. त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक ढिगावर बरण्या होत्या. जर्दाळू, टोमॅटो, काकड्या, चेरी. आर्डिसच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी आर्डिसचं वाक्य म्हणत उन्हाळाभराची मेहनत रस्त्यावर ठेवली. बर्नाडीन क्वामनं एकशे साठ ठेवल्या.

हेगस्टॅडांच्या ढिगावर एकही बरणी नव्हती. गावानं तेही वाचलं. बुधवारपर्यंत सगळीकडे झालं की आर्डिसच्या बरण्या वाचल्या. वाचणारच, बाई किती व्यवस्थित. गुरुवारी पाद्रीबाईंचा फोन आला की यंदाचं सुगीचं जेवण पूरग्रस्तांसाठी आहे, गावात कुणाकडे एक बरणी उरलेली नाही, तेव्हा आर्डिस, तुझ्यावरच सगळं.

"किती आणू?" आर्डिसनं विचारलं.

"सगळ्यांना पुरेल एवढं बीट आण. देव तुझं भलं करो."

आता नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. का ते सांगायचं तर एकतीस वर्षं मागं जाऊन एकेका बरणीची माफी मागावी लागणार, असं तिला वाटलं. आणि शिवाय ब्लीच होतंच की. अर्धा तास म्हणजे काय थोडा वेळ झाला? स्वतःची समजूत घालायला परीक्षक लागत नाही.

त्याच दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. बर्नाडीन क्वाम. दोन वर्षांनी.

"बसणार नाही," बर्नाडीन म्हणाली. "आर्विडसाठी आलेय."

आर्विड तिचा नवरा. कॅन्सरवरचे उपचार चालू होते. माणूस निम्मा झाला होता आणि टोपी कानांवर उतरत होती.

"तीन आठवडे झाले, त्याला कशाची चव लागत नाही. काहीही दे, म्हणतो पुठ्ठा आहे. काल आपणहून म्हणाला, आर्डिसचं बीट लागेल. डॉक्टर म्हणतात, रक्तात जोर नाही, साधं पोट बिघडलं तरी उचलून न्यावं लागेल. बाहेरचं काही देऊ नका म्हणतात. म्हटलं, आर्डिसकडचं म्हणजे शंकाच नाही." बर्नाडीन तिच्या डोळ्यांत बघत होती. "कोरड्या राहिल्या ना गं तुझ्या बरण्या?"

लोवेल टेबलापाशी कॉफी पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"राहिल्या," आर्डिस म्हणाली. "देवाची कृपा."

तिनं एक बरणी कागदी पिशवीत घालून दिली. बर्नाडीननं पिशवी दोन्ही हातांनी धरली, आभार मानले आणि गेली.

"आर्डिस," लोवेल म्हणाला. "आर्विडला झेपायचं नाही."

"अर्धा तास ब्लीचमध्ये होती ती."

"कडं लावूनच."

"तुला बरण्यांतलं काय कळतं?"

"काही नाही," लोवेल म्हणाला आणि कप विसळायला गेला.

शुक्रवारी आर्डिस गाडी घेऊन क्वामांच्या गल्लीत गेली. बरणी परत मागायची, काहीतरी कारण सांगायचं, लेबल चुकलं म्हणायचं. घरापुढनं गेली, थांबली नाही. वळून पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला खिडकीतून बर्नाडीननं हात हलवला. आर्डिसनंही हात हलवला आणि ती घरी आली. लाज तिला वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण त्या गावात माणसं लाजेनं मरतील आणि तरी बेल वाजवणार नाहीत.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. आर्विड क्वाम बायकोच्या खांद्याला धरून, पण स्वतःच्या पायांनी चालत आला. आर्डिसच्या छातीवरचा धोंडा उतरला. तीन दिवस झाले, माणूस चालतोय. म्हणजे बीट चांगलं. उगीच आपण. ती एवढी सैल झाली की तिनं पा हुआलासुद्धा हसून नमस्कार केला.

टेबलावर दुकानातून आणलेले पाव होते, ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशची चार भांडी होती, आणि मधोमध तिच्या चोवीस बरण्या, उजेडात गडद लाल. त्या जेवणाचा एक रिवाज आहे. बरणी जिची, तिनंच ती टेबलापाशी उघडायची. झाकणाची चकती निघताना टक् असा आवाज होतो, तो सगळ्यांनी ऐकायचा, मग वाढायचं. आणि पहिलं ताट आजाऱ्याचं.

प्रार्थना झाली. आर्विडला पुढे बसवलं होतं. शेजारी बर्नाडीन, हातात काटा.

"एकतीस वर्षं ही बाई आपल्याला सांगत आली," पाद्रीबाई म्हणाल्या, "आणि या वर्षी आपल्याला कळलं, का सांगत होती." माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी खोकलं. टाळ्यांच्या ठिकाणी त्या गावात खोकतात.

आर्डिसनं पहिली बरणी उचलली. कडं फिरवलं, काढलं, बाजूला ठेवलं. चकती उचकटली. टक्. चमच्यानं बिटाच्या दोन चकत्या आर्विडच्या ताटात ठेवल्या. आणि मग तिच्या अंगठ्यानं एकतीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. काचेच्या आट्यांवरून त्याचं नख आपोआप फिरलं. अंगठ्यानं मालकिणीला विचारलं नाही.

नखात रेव होती. करड्या रंगाची, ओलसर, केसाएवढी रेष.

समोर बर्नाडीननं बिटाची चकती काट्याला लावली. आर्विडनं तोंड उघडलं. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"थांब," आर्डिस म्हणाली.

तिला वाटलं आपण हळू बोललो. हॉलमध्ये सगळ्यांनी वळून बघितलं.

"काटा खाली ठेव, बर्नाडीन." तिनं ताट ओढून घेतलं. बिटाचा रस सांडून पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरला. तिनं बरणी वर धरली, उजेडाकडे, सवयीनं, आणि तिच्या त्या हवापाण्याच्या आवाजात बोलायला गेली. आवाज काही तसा निघाला नाही. "अपात्र. ही बरणी अपात्र आहे. सगळ्याच आहेत. दोनशे चौदाही. माझं तळघर छातीपर्यंत भरलं होतं. मी खोटं बोलले. कुणी काही खाऊ नका, हात लागला असेल तर धुवा."

हार्लननं हळूच आपला हात पँटला पुसला. पाद्रीबाई देवाकडे बघत होत्या, पण तिकडूनही काही सूचना येत नव्हती. आर्विडनं आपल्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

"हं," तो म्हणाला. "निराळंच आहे."

पा हुआनं पिशवीतून हातमोजे काढले, एक जोडी आर्डिसच्या हातात दिली, एक स्वतः घातली आणि बरण्या काळ्या पिशवीत भरायला लागली. आर्डिसला तिच्याकडे बघवेना.

मग आर्डिसला आठवलं. तिनं टेबलाची कड धरली. "बर्नाडीन, गुरुवारची बरणी. आर्विडनं किती खाल्लं?"

बर्नाडीननं पर्स उघडली. आतून चेनची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. पिशवीत बरणीचं कडं होतं, आतल्या बाजूला करडी रेष.

"एक घास नाही," ती म्हणाली. "घरी गेल्याबरोबर कडं काढलं. कुठं बघायचं ते तूच दोन वर्षांपूर्वी शिकवलंस की, सगळ्या तंबूसमोर."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुझं घर माझ्यापेक्षा चार फूट खाली आहे, आर्डिस. मैला काय तुझा बिल्ला बघून थांबला असेल? मी विचारायलाच आले होते. तू डोळ्यांत बघून म्हणालीस, देवाची कृपा." बर्नाडीनचा आवाज अजूनही खालीच होता. "शुक्रवारी तीनदा घरापुढनं गेलीस. म्हटलं, आता बेल वाजवेल. मी कॉफीसुद्धा टाकली होती. वाजवली नाहीस."

"आणि आज तू त्याच्या तोंडापर्यंत काटा..."

"काटा माझ्या हातात होता. आर्विडला मी घरून जेवायला घालून आणलंय. काटा काही तोंडात गेला नसता. तू बोलली नसतीस तर मी उभी राहणार होते. भाषण पाठ केलं होतं, तीन पानं. दोन वर्षांचं सगळं होतं त्यात." तिनं पर्सची चेन ओढली. "ते आता वाया गेलं. त्याचाच राग आलाय मला."

आर्डिसनं मान खाली घातली. हातमोजे अजून तसेच हातात होते. "दोन वर्षांपूर्वीचा तो गंज," ती म्हणाली. माफी मागायची सवय नव्हती, आणि खोटं बोलायचं आता बळ नव्हतं. "गंज होता गं."

"होता," बर्नाडीन म्हणाली. "म्हणून तर मी काही बोलले नाही."

गावानं त्या संध्याकाळी पेट्रोलपंपावरच्या दुकानातले पिझ्झे खाल्ले.

सोमवारी सकाळी हेगस्टॅडांच्या घरासमोर नवा ढीग उभा राहिला. आर्डिस आणि लोवेल हातमोजे घालून बरण्या बाहेर आणत होते आणि आर्डिसनं त्यांवर ताडपत्री टाकली नाही. गाड्या हळू होत होत्या. कुणी थांबत नव्हतं, कुणी काही म्हणत नव्हतं. प्रत्येक जण स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून पुढं जात होता. जत्रेच्या समितीकडून निरोप आला होता की पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून पा हुआ वांगला विचारावं असं चाललंय, तुला काय वाटतं. त्यांनी विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

शेवटची बरणी ठेवल्यावर आर्डिस पायरीवर बसली. खिशात पा हुआचं पत्रक होतं, आठवडाभर दुमडलेलं. काहीतरी करायचं म्हणून तिनं ते उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. 'टाका'च्या रकान्यात तिसऱ्या ओळीवर बरण्या होत्या. 'ठेवा'च्या रकान्यात सातवी ओळ होती: भरीव लाकडाच्या वस्तू, घासून, ब्लीच लावून, सावलीत वाळवून.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. लोवेल ढिगाशी उभा राहून बरण्यांच्या रांगा सरळ करत होता, जशी काही त्यांना फीत मिळणार होती.

"लोवेल," ती म्हणाली. "बदकं ठेवता आली असती."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस, माणसा? तोंड शिवलं होतं का तुझं?"

लोवेलनं हातमोजे काढले, उलटे करून पिशवीत टाकले, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"परीक्षक तू होतीस," तो म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.